सहाहात्याचा तुटलेला हात

धरमपेठ, नागपूर
९ जून १९८५

प्रिय चंदूदादा,
सा. न.

वर्षभरात चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. हे पाचवं. मामींची कंबर आता कशी आहे, असं आईने विचारलंय. इथे ऊन अजून उतरलेलं नाही, कूलरच्या वाळ्याच्या टट्ट्या दोनदा बदलून झाल्या.

कामाचं लिहिते. आपला रविवारचा खेळ आमच्या व्हरांड्यात अजून चालू आहे. तू पारशिवनीला परत गेल्यापासून आपल्यातला मार्तंड तो चालवतो. तू सुरू केलास तसाच. तो सांगतो की समोर गुहा आहे, दारात अमका राक्षस उभा आहे. आम्ही आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशाने ठरवायचं. माझी भालेवाली कुवला तीन वर्षं झाली तरी जिवंत आहे बरं का.

ऑगस्टमध्ये तुमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला आपला खेळ ठेवायचा आहे. त्यासाठी मार्तंड तुझ्या नियमांच्या वहीच्या चाळीस प्रती सायक्लोस्टाइल करून घेतोय. वही त्यानेच स्वच्छ उतरवली, म्हणून पहिल्या पानावर 'नियमरचना : मार्तंड' असं येईल. थोडे बदल केलेत. सहाहात्या राक्षसाला सहा हात आहेत, तर त्याने एका फेरीत सहा वार करावेत असं ठरलं. आणि हात तुटण्याचं कलम गाळलं, त्याने खेळ फार लांबतो. ते बदललेलं पान सोबत पाठवते आहे. तुझी हरकत नसेलच, तरी एक ओळ लिही.

तुझी
गोपिका

•

पारशिवनी
१५ जून १९८५

गोपिका,

हरकत आहे.

सहा हात म्हणजे सहा वार, हे कोणत्या गाढवानं ठरवलं? मार्तंडनं ठरवलं असेल तर त्याले सांग, वार हातातून येत नाही. तो पायातून निघते, कमरेतून वर चढते आणि खांद्यातून बाहेर पडते. सहाहात्याले पाय दोनच आहेत. कंबर एक आहे. डोकं एकच आहे, आणि तेही काही फार हुशार नाही. सहाही हातांनी एकदम मारायले गेला तर स्वतःच्याच कोपरांत अडकून पडेल.

मी काय लिहिलं होतं? प्रत्येक हाताले एक ते सहा आकडा. फासा टाकायचा, जो आकडा येईल तो हात वार करेल. एका फेरीत एक वार. बाकीचे पाच हात ढाल धरतात, भाला पकडतात, माणसाले ढकलतात. तो भयंकर आहे तो याच्यामुळं, की त्याच्याजवळ पोचताच येत नाही. तुमचा सहा वारवाला भयंकर नाही, नुसता खाटीक आहे. पहिल्याच फेरीत तीन जण मेले, तर राहिलेल्या दोघांनी काय करायचं? चहा पीत बसायचं?

ते एक पान मी तुमच्या व्हरांड्यात बसून सतरा वेळा लिहिलं. सतरा. मार्तंडनं ते उतरवून काढलं म्हणून रचना त्याची झाली? मग तहसील कचेरीतले सगळे नकलनवीस जमिनीचे मालक झाले असते.

आणि 'खेळ लांबतो' हे खोटं आहे. हात तुटण्याच्या कलमाले अर्धा मिनिट लागत नाही. ते काहून काढलं, खरं लिही.

चंद्रभान

•

धरमपेठ
२० जून १९८५

दादा,

वर्षभर तू गप्प. आईच्या पत्रांना उत्तर नाही, माझ्या नाही. दिवाळीत मी पारशिवनीला आले, तर तू मागच्या दाराने शेतावर निघून गेलास आणि मी परतीच्या एस.टी.त बसेपर्यंत आला नाहीस. आणि आता पहिलं पत्र आलं ते एका राक्षसासाठी! वर ना आशीर्वाद, ना खुशाली. तेही दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेलं. कोणाला बसवलं होतंस? तिसरीतलं पोर असावं. सगळ्या ओळी खाली घसरत गेल्यात, 'मार्तंड' दोनदा खोडलाय. निदान तुझ्या बहिणीला सांगायचं. प्रेमिलाचं अक्षर किती चांगलं आहे.

खरं पाहिजे ना तुला? घे.

मार्चमधल्या एका रविवारी सहाहात्याशी लढाई चालली होती. मार्तंडने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "राक्षसाचा हात तुटल्यास तो आकडा रद्द समजावा. तो आल्यास फासा पुन्हा टाकावा." आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली होती. तिने ट्रे तिथेच उंबऱ्यावर ठेवला, खाली बसली आणि रडायला लागली. त्या दिवशी कोणी पोहे खाल्ले नाहीत.

ते पान मी फाडलं. मार्तंडने नाही, मी. कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये तुझा हात गेला तेव्हा रामदासपेठेच्या दवाखान्यात सोळा दिवस तुझ्या उशाशी कोण बसलं होतं? मीच ना? तुझ्या डोळ्यांपुढे छापलेलं 'हात तुटल्यास' येऊ नये म्हणून मी ते फाडलं. तुझ्यासाठी फाडलं. आणि तू मलाच जाब विचारून राहिला!

गोपिका

•

पारशिवनी
२६ जून १९८५

गोपिका,

ते अक्षर माझं आहे. तिसरीतलं पोर मीच.

अकरा महिने झाले. पहिले पाटीवर गिरवलं. मग कागदावर आलो, तर कागद सरकते. मग त्याच्यावर वरवंटा ठेवून लिहायले लागलो. आता थोट्या हातानं कागद दाबून डाव्यानं लिहितो. एक पान लिहायले दीड तास लागते, आणि शेवटी शेवटी बोटं अशी आखडतात की पेन काढून घ्यावा लागते. तुले पहिलं पत्र लिहिलं ते तीन बैठकांत. त्याच्यावर तू अक्षराचे मार्क दिले.

सही पहिल्यांदा धड जमली फेब्रुवारीत. कॉलेजले अर्ज केला होता, तिसऱ्या वर्षाले परत घ्या म्हणून. आज जून संपून राहिला, साधा नकारही आला नाही त्यांचा. म्हणजे मी त्यांना नको. म्हणून विहिरीवरची मोटर चालू करतो आणि बंद करतो. ते एका हातानं होते.

आता तुझं 'तुझ्यासाठी'. मले विचारलं होतं? दवाखान्यात तू सोळा दिवस बसली, मी विसरलो नाही. पण सोळा दिवस बसली म्हणून माझ्या वहीचं पान फाडायचा हक्क तुले कोणी दिला? तुमच्या घरात कोणी 'हात' हा शब्दच बोलत नाही. आत्या पत्रात लिहिते, 'तुझं ते आता कसं आहे?' ते म्हणजे काय? थोटा हात आहे. मनगटाच्या चार बोटं वर तुटलेला. लिहा ना. शब्द लिहिला तर तो अजून थोडीच तुटणार आहे?

पण त्या कलमात चूक होती, हे खरं. एकविसाव्या वर्षी लिहिलं मी, आकडा रद्द, फासा पुन्हा टाका. जसा तो हात कधी नव्हताच. दोन्ही हात शाबूत असलेल्या पोरानं लिहिलेलं कलम आहे ते. आता बरोबर लिहून देतो.

फासा पुन्हा टाकायचा नाही. तुटलेल्या हाताचा आकडा आला तर सहाहात्या त्याच हातानं वार करेल. कारण तो हात आहे असंच त्याले वाटते. मी महिनाभर पाण्याचा गडवा उजव्यानंच उचलायले जात होतो. आहे असंच वाटे. नसलेल्या बोटांना खाज सुटे. सायकलवरून उतरताना कलंडलो आणि हौदाच्या काठावर कपाळ फोडून घेतलं. तर सहाहात्याचा वार हवेत जाईल, तो पुढं झोकांडेल, आणि समोरच्याले एक फुकटचा वार मिळेल. असं पाच फेऱ्या.

सहाव्या फेरीपासून तो शिकलेला असते. मग तो आकडा आला की शेजारचा हात वार करेल, आणि तो वार दुप्पट लागेल. कारण त्या हातावर आता दोघांचं काम आहे, आणि तेच करून करून तो दणकट झाला आहे.

हे असंच छापा. एक अक्षर बदलू नका. खाली नाव माझं, पूर्ण. ज्याले माझी दया येत असेल त्यानं खेळू नये.

चंद्रभान

•

धरमपेठ
१ जुलै १९८५
(एक्स्प्रेस डिलिव्हरी)

दादा,

अक्षराचं जे लिहिलं ते परत घेता येत नाही. आईला ते पत्र वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. पण आज माफी मागायला लिहीत नाही, कारण हे पत्र वाचून झाल्यावर तू माफ करणार नाहीस.

सोबतचा लिफाफा आधी उघड. कॉलेजचा आहे. १६ एप्रिलचा.

अर्जावर तू सवयीने आमचाच पत्ता घातला होतास, इतकी वर्षं इथेच राहिलास म्हणून. उत्तर इथे आलं. तिसऱ्या वर्षाला घ्यायला ते तयार आहेत, मात्र १० जुलैच्या आत विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटायचं आहे. बाबांनी पाकीट उघडलं आणि रुपरावमामांना कळवलं. तुझे वडील २५ मेला इथे आले होते, तुला ते रामटेकला चाललो म्हणून सांगून निघाले असतील. समोरच्या खोलीत बसले. मी दारात होते.

मामा म्हणाले, "वर्कशॉपमधी पोराची फजिती होईन. एकदा मशीननं खाल्लं त्याले. पुन्हा मशीनपाशी काहून धाडू मी?"

बाबा म्हणाले, "मग उत्तर आलंच नाही असं राहू द्या. हळूहळू विसरेल."

आई काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं, दादा. तुला पुन्हा हरलेला पाहायला नको, एवढंच मनात होतं. तुझ्या मागच्या पत्रात 'साधा नकारही आला नाही' हे वाचलं तेव्हा कळलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तुला विहिरीवर बसवलं आणि वर तुझी काळजी करत राहिलो.

आज सकाळी बाबा ऑफिसला गेल्यावर त्यांच्या कपाटाशी गेले. कुलूप होतं. आई मागे येऊन उभी राहिली. "काय शोधून राहिली वं?" म्हणाली. मी सांगितलं. ती आत गेली, देवघरातल्या डब्यातून किल्ली आणली आणि माझ्या हातात दिली. बाबांना काय सांगायचं ते आम्ही दोघी बघू.

मार्तंडला तुझं नवं कलम दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि तयार झालेलं स्टेन्सिल फाडून टाकलं. "हे मले दहा वर्षांत सुचलं नसतं," एवढंच म्हणाला. पहिल्या पानावर तुझं नाव येईल.

दहा तारीख विसरू नको. लगेच निघ.

गोपिका

•

इंजिनीअरिंग कॉलेज हॉस्टेल, नागपूर
९ जुलै १९८५

गोपिका,

पाकीट तीन तारखेले मिळालं. बाबा शेतावरून येत होते. अंगणातच मी त्यांच्यापुढं ते पत्र धरलं. म्हटलं, "हे काय आहे?"

"तुले वाचता येते ना."

"तुम्ही हे काहून दाबलं?"

ते म्हणाले, "बाप आहो मी तुझा. तुले पुन्हा त्या दवाखान्यात पाहाची हिंमत नाही माझ्यात."

त्यांचा आवाज फाटला होता. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी तिथंच थांबलो असतो. त्या दिवशी नाही थांबलो. वर्षभराचं सगळं तोंडातून बाहेर आलं. म्हटलं, मशीननं एक हात घेतला, बाकी राहिलेला सगळा माणूस तुम्ही घेतला. जिवंत पोराले तुम्ही खाटेवर निजवून ठेवलं आणि मी उठतो का म्हणून पाहात बसले. शेजारचे धोंडबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले, तरी मी थांबलो नाही. आई रडली. बाबा खाली मान घालून बाजेवर बसले. सकाळी स्टँडवर एकटी प्रेमिला आली.

विभागप्रमुखांनी पहिले माझ्याकडं पाहिलंच नाही, बाहीकडं पाहिलं. मग म्हणाले, "ड्रॉइंगचं काय करशील?" म्हटलं, आत्ता काढून दाखवतो. त्यांनी शीट दिली, एका जोडणीचं चित्र दिलं. मी शीट क्लिपांनी बोर्डवर ताणली, टी-स्क्वेअर थोट्या हातानं दाबला आणि डाव्यानं रेघा ओढल्या. बाकीच्यांना चाळीस मिनिटं लागतात. मले एक तास पन्नास मिनिटं लागली. सर्टाची पाठ घामानं पूर्ण भिजली. सर मधून दोनदा उठून गेले आणि परत आले.

"वेळ फार लागतो," म्हणाले.

"लागते सर. पण रेघ पहा."

त्यांनी शीट उजेडाकडं धरली. बराच वेळ पाहिली. मग अर्जावर सही केली आणि म्हणाले, "परीक्षेत जादा वेळ मागून घे. मागायला लाजू नको." सगळ्या वर्षात सरळ बोललेला तो पहिला माणूस.

मी तुमच्या घरी राहायले येणार नाही. आत्याले सांग, डबा पाठवू नको. तिनं किल्ली दिली, ते मले समजलं. पण २५ मेले ती गप्प होती, तेही समजलं. आतोबांना काहीच सांगू नको. त्यांच्यावरचा राग मोठा आहे, कधी उतरेल मले माहीत नाही. तुझ्यावरचा २५ मे ते १ जुलै एवढाच आहे. मोजून सदतीस दिवसांचा. तो मी पूर्ण करणार.

खेळ तुमच्या व्हरांड्यात नको. मार्तंडच्या घरी रामदासपेठेत ठेवा. तिथं येईन, आणि चालवीन मीच.

चंद्रभान

•

धरमपेठ
६ नोव्हेंबर १९८५

चंदूदादा,

दिवाळीच्या सुटीसाठी तू परवा पारशिवनीला पळालास म्हणून वाचलास. समोर असतास तर हे तोंडावर सांगितलं असतं.

रविवारी तू माझ्या कुवलेला मारलंस. ही माझी लेखी तक्रार आहे, नीट वाच.

मी सहाहात्याचा चौथा हात तोडला. त्यानंतर दोनदा चारचा आकडा आला, दोनदा तो हवेत झोकांडला, दोनदा मी फुकटचा वार केला. तो मरायलाच टेकला होता. मी एकेक फेरी मोजत होते. हात तुटल्यानंतरची ती पाचवी फेरी होती. तू फासा टाकलास, पुन्हा चार आला. मी ढाल टाकून दोन्ही हातांत भाला घेतला, कारण पाच फेऱ्यांपर्यंत वार हवेत जातो असं तुझ्याच पुस्तिकेत छापलंय, तुझ्याच नावाखाली! आणि तू क्षणभरही न थांबता म्हणालास, "सहावी फेरी. पाचवा हात. दुप्पट. गेली."

गेली? माझी साडेतीन वर्षांची कुवला, आणि एका शब्दात 'गेली'? हात तुटला ती फेरी तू मोजलीस. ती कशी मोजशील? फेऱ्या त्यानंतरच्या मोजायच्या. आठवीतल्या पोरीलाही कळेल एवढं हे सरळ आहे, आणि मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय.

पाऊण तास भांडलो आपण. मार्तंडच्या आई शोभाताई बाहेर येऊन विचारून गेल्या, कोण कोणाले मारून राहिलं आहे म्हणून. मी तुला आडमुठा म्हटलं, दगड म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. त्यातलं काहीही परत घेत नाही.

घरी आले तेव्हा माझा चेहरा पाहून आईने विचारलं. सगळं सांगितलं. ती घाबरली. "चंदूले इतकी बोललीस?"

"बोलले."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, इथं फासे भिजतात."

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं झालं, रडणार आता. तर ती हसत होती. खुर्चीला धरून हसत होती. बाबांनी आतून विचारलं काय झालं, तर तिला सांगताही येईना.

मी मात्र हसत नाही. कुवला परत दे, नाहीतर मोजणीचं लेखी उत्तर दे.

गोपिका

•

पारशिवनी
९ नोव्हेंबर १९८५

चि. गोपिका,
अनेक आशीर्वाद.

तक्रार वाचली. फेटाळली.

हात ज्या फेरीत तुटते, तीच पहिली फेरी. लेखी कारण मागते, तर देतो. त्या दिवशी मी शेतावर एकटाच होतो. हात गेला तेव्हा मशीन चालूच होतं. मी डाव्या हातानं खटका पाडून ते बंद केलं. डाव्यानंच दुपट्टा सोडला, एक टोक दातात धरून आवळून बांधला. फाटकाची कडी डाव्यानं काढली. त्याच्या आधी जन्मात मी डाव्या हातानं साधी काडी पेटवली नव्हती. तेव्हा कोणी शिकवायले आलं नव्हतं आणि मले विचार करायले वेळही नव्हता. शिकणं दुसऱ्या दिवशी सुरू नाही झालं. त्याच घटकेले झालं. तू ते पुस्तकावरून मोजते. मी तिथं होतो. म्हणून मोजणी माझी बरोबर आहे आणि कुवला मेली.

फासा टाकला तेव्हा मलेही दिसलं की ती मरणार. एक फेरी कमी मोजली असती तर कोणाले कळलं नसतं. पण मग ते पान मी स्वतःच फाडल्यासारखं झालं असतं. चांगली लढली ती. नवं पात्र तयार ठेव, या वेळी तिले ढाल टाकू देऊ नको.

बाबा आणि मी अजून बोलत नाही. काम असलं तर प्रेमिलाच्या तोंडून निरोप येते. पण हे लिहून राहिलो तर ते समोरच्या बाजेवर बसून माझ्या हाताकडं पाहून राहिले आहेत. बराच वेळ झाला. मी पाठ फिरवली नाही.

भाऊबीजेले धरमपेठेत येतो. सकाळच्या एस.टी.नं. आत्याले सांग, जेवीन. आणि आतोबांना त्या दिवशी घरीच थांबायले सांग, कुठं जाऊ नका म्हणा. त्यांच्याशी मले भांडायचं आहे, आणि ते पत्रातून होत नाही.

तुझा
चंदूदादा